टोळी निघण्याआधी

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, नवरा-बायको दोघांनाही जावंच लागतं. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचं लग्न उरकतात. नाहीतर ती फडावर धाकट्याला सांभाळत बसते. शाळा सुटली की सुटलीच.

गावात हंगामी वसतिगृह चाललं, दोन वेळचं जेवण मिळालं, तर मूल आजीजवळ राहून शिकतं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने मागे राहणाऱ्या मुलांची यादी टोळी हलण्याआधीच करायला हवी. नंतरच्या धावपळीचा उपयोग नाही.

बालविवाह ठरल्याचं कानावर आलं, तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून गप्प बसू नका. ग्रामसेवकाला किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा. १०९८ या बाल हेल्पलाइनवर रात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत.