तुटलेला क्लॅम्प तारेने आवळू नका

बॅटरीच्या खांबाला धरणारा क्लॅम्प चिरला की त्यावर तार आवळून वेळ मारून नेली जाते. गाडी सुरूही होते, पण जोड दुरुस्त झालेला नसतो. स्टार्टर साधारण १५० अँपिअर ओढतो. सैल जोडात अवघा ०.०२ ओहम रोध असला, तरी तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि ४५० वॉट उष्णता तयार होते. ‘पण दिवे तर लख्ख लागतात!’ हा आक्षेप नेहमीचा. दिव्यांना १० अँपिअर पुरतात; त्याच जोडात त्यांचे जेमतेम ०.२ व्होल्ट जातात. म्हणून दिवे लागतात, स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो आणि खापर फुटते चांगल्या बॅटरीवर.

नवा क्लॅम्प खांबाच्या मापाचाच हवा. धन खांब ऋण खांबापेक्षा जाड असतो. पान्याने आधी ऋण बाजू सोडवा आणि जोडताना ती शेवटी जोडा, नाहीतर धन बाजू खोलताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्टसर्किट. केबल सोलल्यावर तांब्याचे धागे काळे-हिरवे दिसले, तर लखलखीत तांबे लागेपर्यंत कापा. केबल तोकडी पडली तर ताणून बसवू नका, बदलाच. भररस्त्यात अडकलेल्याने घरी पोचण्यापुरती शिशाची पट्टी फटीत सारली, तर ते समजण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशी मात्र नवा क्लॅम्प बसवा. बसवल्यावर तो हाताने जोर लावून फिरवून पाहा. जरासाही हलता कामा नये.