हळू आवाजाचा मागोवा

फिलिप्सने १९७० मध्ये पिंपरीत घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना सुरू केला; २००६ मध्ये तो बंद झाला. तेवढ्या काळात तळेगाव दाभाड्यातल्या घरांतही आवाज कमी-जास्त करण्याची तऱ्हा पार पालटली. या बदलाकडे मी कारखान्याच्या पाळ्यांच्या बाजूने पाहतो. इथून लोकलने पिंपरी-चिंचवडला, गाडीने चाकणला कामाला जाणारी माणसं रात्रपाळी करून दिवसा झोपतात. अशा घरात यंत्र मोठ्याने किती वाजतं याला फारशी किंमत नाही. हळू लावल्यावर गाणं कसं ऐकू येतं, ते महत्त्वाचं.

या कसोटीला जुनं गोल बटण कमी पडायचं. त्याच्यामागे कार्बनचा वाटोळा पट्टा आणि त्यावर सरकणारी धातूची पट्टी असे. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून पट्ट्याचा रोध सगळीकडे सारखा ठेवून चालत नसे. स्टिरिओत असे दोन पट्टे एकाच दांड्यावर बसवत. ते तंतोतंत जुळत नसत आणि तफावत खालच्या टोकाला सर्वांत जास्त. गाणं अगदी हळू केलं की गायिकेचा आवाज एका स्पीकरकडे सरके. त्यात मावळचा पाऊस, दमट हवा, धूळ, मग खरखर. पण इलाज गावातच होता. मेकॅनिक स्प्रे मारून बटण मागेपुढे फिरवायचा, नाहीतर नवा कंट्रोल टाकायचा.

१९८२ मध्ये फिलिप्स आणि सोनीची सीडी बाजारात आली. त्याच सुमारास फिलिप्सनेच यंत्रातल्या चिपांनी एकमेकींशी बोलण्याची आय-टू-सी ही पद्धत काढली. पुढे रिमोटचं बटण दाबलं की चिप ठरावीक पायऱ्यांनी आवाज उतरवू लागली. आवाज ॲनालॉगच, हुकूम तेवढा डिजिटल. दोन्ही बाजू सारख्या उतरतात, खरखर नाही. मला आजही हाच मार्ग सर्वांत चांगला वाटतो.

यानंतर डिजिटल आवाजाचे आकडेच थेट लहान करण्याची रीत आली. सीडीचा आवाज १६ बिटांचा. दर ६ डेसिबलला साधारण एक बिट जातो. १६ बिटांच्याच यंत्रात २४ डेसिबल उतरवले तर १२ बिट उरतात आणि आलापाच्या शेवटी विरत जाणारा सूर खरबरीत होतो. २४ बिटांच्या यंत्रांत ८ बिट शिलकीत असल्याने ही तक्रार आता उरलेली नाही.

उरली आहे ती वेगळीच. आकडे लहान केले तरी पुढच्या सर्किटची सूं-सूं तेवढीच राहते. ॲम्प्लिफायरचं बटण उतरवलं तर त्याच्या आधीची सूं-सूंही गाण्याबरोबर दबते. म्हणून घरात कुणी झोपलेलं असताना फोनवरून गाणं लावलं, तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि ॲम्प्लिफायरचा उतरवावा. नव्या यंत्रांवरचं बटण मात्र कितीही फिरतं, कुठे अडत नाही. गाणं सुरू होण्याआधी आवाज किती आहे हे अंधारात नुसत्या बोटांना कळावं, यासाठी दोन्ही टोकांना थांबणारं बटण बनवणाऱ्यांनी पुन्हा द्यायला हवं.