सातबारा शोधताना आधी जाहिरात दिसते, जरा थांबा

हुबळी : राहायला देशपांडे नगरात, वडिलोपार्जित शेत गडहिंग्लज तालुक्यात आणि आजोळची जमीन खानापूरला, अशी घरं सीमाभागात काही कमी नाहीत. सातबारा महाराष्ट्राच्या महाभूलेखवरून काढायचा, पहाणी उतारा कर्नाटकच्या 'भूमी'वरून. साइटचा पत्ता कुणाला पाठ नसतो. मग गुगलवर शोधायचं आणि पहिलं दिसेल त्यावर बोट ठेवायचं. गोची इथंच होते.

शोधल्यावर वर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असेल, तर ती पैसे भरून लावलेली जाहिरात. अमेरिकेच्या एफबीआयने २१ डिसेंबर २०२२ रोजी याबाबत इशारा दिला होता. चोरटे नामांकित कंपनीच्या नावाने जाहिरात घेतात, हुबेहूब तशीच साइट उघडते आणि डाउनलोडच्या बटणामागे मालवेअर असतं. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरा, असा सल्लाही त्याच इशाऱ्यात होता.

चांगली साइट म्हणजे चांगली जाहिरात, असंही नाही. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीच्या पानांवर अशा जाहिराती झळकल्या होत्या. छापील पेपरात जाहिरात आली की निदान कुणीतरी ती वाचून बघतो. इंटरनेटवर पान उघडेपर्यंतच्या क्षणात जागेचा लिलाव होतो आणि कुणाची जाहिरात लागली हे साइटवाल्यालाही ठाऊक नसतं. फुकट सिनेमाच्या साइटींचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२४ मध्ये अशाच साइटींवरून सुरू झालेल्या एका मोहिमेत जगभरातली सुमारे दहा लाख उपकरणं सापडली, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे, भाषेची. कन्नड वाचता येत नसेल तर पानावरचं मोठं, हिरवं 'डाउनलोड' बटणच तेवढं ओळखीचं वाटतं, आणि बऱ्याचदा तीच जाहिरात असते. अशा वेळी कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याला हाक मारलेली बरी.

सरकारी साइटच्या पत्त्यात, पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी, 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतं. ते एकदा तपासून पत्ता बुकमार्क करून ठेवला की पुन्हा शोधायची गरज नाही. उतारा बघायला एपीके फाइल लागत नाही; मागितली तर पान बंद करायचं. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असं ओरडणारी खिडकीही जाहिरातच. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच. ब्राउझरचे अपडेट मात्र टाळू नका, कारण जुन्या ब्राउझरमध्ये काही वेळा क्लिक न करताही मालवेअर शिरतं.

चुकून ॲप टाकलंच तर आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्डही तिथूनच बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. फोन हुबळीत आणि खातं कोल्हापूरच्या शाखेत असलं तरी नंबर हाच.