सर्व्हर घरचा, वाट दुसऱ्याची

बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये एखाद्या घरात स्वतःचा मेल सर्व्हर उभा करायला फार काही लागत नाही. हातावर मावणारा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर, पोस्टफिक्स हे फुकट मिळणारं मेल सॉफ्टवेअर, एक डोमेन आणि लाइट गेली तरी तग धरणारा इन्व्हर्टर. एका दुपारी सगळं जुळतं. मग पुण्याच्या बहिणीला पहिली मेल सुटते आणि रांगेतच अडकून बसते. लॉगमध्ये पुन्हा पुन्हा एकच ओळ उमटते: कनेक्शन टाइम्ड आउट. पोस्टफिक्स चिवट आहे, पाच दिवस प्रयत्न करत राहतं. त्यानंतर मेल परत.

दोष सर्व्हरचा नाही. मेल सर्व्हर एकमेकांशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात आणि अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर हाच पोर्ट बंद ठेवतात. तो उघडा असला तरी समोरचा सर्व्हर ५५० असा आकडा तोंडावर फेकून नकार देऊ शकतो. व्हायरस शिरलेल्या घरगुती कॉम्प्युटरांनी जगभर इतका स्पॅम ओतला, की स्पॅमहाउस संस्थेने घरगुती आयपी पत्त्यांची वेगळी यादीच केली. त्यातले कितीतरी पत्ते कंपन्यांनी स्वतःहून नोंदवलेले असतात. म्हणजे केजकराने काहीही केलेलं नसतं. आळीवरून माणूस ओळखायची ही जुनीच खोड.

उपाय सरळ आहे. केजच्या पेटीत पडलेलं पत्र इथला पोस्टमन पुण्याला पोचवत नाही, ते आधी वर्गीकरणाला जातं. तसंच सगळी जावक मेल आपल्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवायची. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये ‘रिलेहोस्ट’ म्हणून त्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहायचं आणि पुढे पोर्ट ५८७. कंसाचा अर्थ एवढाच, की डोमेनचा मेल सर्व्हर सांगणारी एमएक्स नोंद शोधत बसू नकोस, थेट याच दारावर जा. खात्याचं नाव आणि पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवून त्यावर ‘पोस्टमॅप’ चालवायचं, ती फाइल रूटशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी करायची आणि टीएलएस कूटलेखन सक्तीचं करायचं. लॉगमध्ये ‘सेंट’ दिसलं, की मेल निदान पहिल्या टप्प्यावर तरी पोचली.

ही उसनवारी कमीपणाची मुळीच नाही. भारतातली ई-मेल अशीच सुरू झाली. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात आयआयटींसारख्या मोजक्या संस्था होत्या. त्यांची परदेशी मेल मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत गोळा व्हायची आणि तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला, यूयूनेट या नेटवर्ककडे जायची. घरोघरी इंटरनेट विकणं विदेश संचार निगमने सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

खरी मेख पुढे आहे. काही कंपन्यांचा रिले, म्हणजे मेल पुढे नेणारा सर्व्हर, त्यांच्याच डोमेनचा प्रेषक मागतो, काही रोजच्या मेलला मर्यादा घालतात आणि कितीतरी कंपन्या आता ही सोयच देत नाहीत. तिथे पैसे देऊन रिले घ्यावा लागतो. जीमेलमार्गे पाठवायचं तर वेगळा ॲप पासवर्ड लागतो. शिवाय आपला पत्ता तिथे आधी जोडून घेतला नसेल, तर प्रेषक म्हणून जीमेलचाच पत्ता झळकतो. रिले कुणाचाही असो, आपल्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरांच्या यादीत, त्याचं नाव हवंच, नाहीतर मेल स्पॅममध्ये जायची भीती. टीएलएस फक्त वाटेतल्या चोरापासून वाचवतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. मधला सर्व्हर मजकूर वाचू शकतो.

पोस्टफिक्स ज्यांची मेल बिनशर्त पुढे पाठवतं त्या ‘मायनेटवर्क्स’ यादीत मात्र घरातलीच यंत्रं ठेवावीत. तिथे ढिलाई झाली आणि सर्व्हर बाहेरून गाठता येत असला, तर परक्यांचा स्पॅम आपल्या खात्यातून जातो आणि कंपनी खातं गोठवते.

येणाऱ्या मेलला रिलेचा काही उपयोग नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात दिसला, तर त्यामागचा सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि बाहेरून कुणालाच आपला सर्व्हर सापडत नाही. अशा वेळी स्टॅटिक आयपीचे जादा पैसे मोजायचे, नाहीतर आवक मेल भाड्याच्या सर्व्हरवर उतरवून तिथून घरी ओढून घ्यायची.