कारभारी, खोत नव्हे

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेला निघायचं तर आधी ओहोटीची वेळ बघावी लागते. देवळामागच्या डोंगरावरून उतरणाऱ्या पायऱ्या थेट कातळावर जातात आणि भरतीला त्या कातळावर लाटा चढतात. मुंबई-पुण्याचा पाहुणा ही वेळ घरून निघतानाच फोनवर बघतो. खोली शिल्लक आहे का आणि जेवणात उकडीचे मोदक मिळतील का, याचा तपासही तो तिथेच करतो. त्यामुळे घरगुती निवास चालवणाऱ्याला अंगणातल्या पाटीइतकीच संकेतस्थळाचीही काळजी घ्यावी लागते.

हे संकेतस्थळ गावात राहत नाही, आणि तेच बरं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा हरिहरेश्वरच्या श्रीवर्धन तालुक्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि फोन मुके झाले. माजघरात ठेवलेला सर्व्हर त्या दिवशी काय कामाचा होता? पुढच्याच महिन्यात याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, योट्टा कंपनीचं ७२०० रॅकची क्षमता असलेलं डेटा सेंटर सुरू झालं. अशा कुठल्या तरी इमारतीतल्या मोठ्या यंत्राचा एक आभासी तुकडा महिन्याच्या भाड्याने घ्यायचा आणि हरिहरेश्वरला बसून चालवायचा, ही आजची रीत. मात्र भाड्याने मिळतो तो काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. त्याच्याशी बोलण्यासाठी मध्ये कुणीतरी लागतो. तो मध्यस्थ म्हणजे कंट्रोल पॅनेल.

या लेखाचा नायक आहे व्हर्च्युअलमिन. त्याचं मूळ वेबमिन. जेमी कॅमेरॉन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने ते १९९७ मध्ये पर्ल भाषेत लिहिलं, आणि ते आजही पर्लमध्येच आहे. पर्लला म्हातारी भाषा म्हणून हसणारे पुष्कळ आहेत, हसोत बापडे. वेबमिन स्वतःचा छोटासा वेब सर्व्हर घेऊन १०००० क्रमांकाच्या पोर्टवर बसतं आणि ब्राउझरमधून लिनक्सचा कारभार करू देतं. एकाच यंत्रावर अनेकांची संकेतस्थळं नांदवण्याची सोय पुढे त्यावर चढली, तिचं नाव व्हर्च्युअलमिन. त्याची एक आवृत्ती फुकट आणि मुक्त परवान्याची, दुसरी विकतची.

अनेक संकेतस्थळं एका पत्त्यावर राहतात ती एका साध्या युक्तीने. ब्राउझर पान मागताना ‘मला अमुक नावाचं संकेतस्थळ हवं’ असंही सांगतो. एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीने हे सांगणं सक्तीचं केलं. तेव्हापासून एका आयपी पत्त्यामागे शंभर नावं सुखाने राहू शकतात. सर्व्हरने फक्त नाव वाचून योग्य फोल्डर उघडायचा.

‘नवा व्हर्च्युअल सर्व्हर’ या बटणाआड मात्र बरंच काही घडतं. त्या नावाचा एक लिनक्स वापरकर्ता तयार होतो. ‘होम’खाली त्याचा फोल्डर बनतो आणि त्यात पानं ठेवायची ‘पब्लिक एचटीएमएल’ ही जागा. अपाचीच्या फाइलीत नव्या नावाचा परिच्छेद लिहिला जातो, डीएनएसमध्ये नोंद होते, मारियाडीबीत डेटाबेस उघडतो, टपालासाठी पोस्टफिक्सला कळवलं जातं. लेट्स एन्क्रिप्टकडून ९० दिवसांचं प्रमाणपत्रही मागवता येतं आणि मुदत संपण्याआधी ते आपोआप नवं होतं. हाताने हे करायला जाणकाराची दुपार जाते, आणि नवख्याचा एखादा कंस चुकला तर अपाची उठतच नाही.

व्हर्च्युअलमिन बसवण्याचं काम स्क्रिप्ट करते, पण तिला कोरं डेबियन, उबुंटू किंवा रॉकी लिनक्स हवं. आधीच काहीबाही टाकलेल्या यंत्रावर ती चालवणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. यंत्राला पूर्ण नाव आधी द्यायचं, डोमेनसकट. मग पहिल्यांदा आत शिरलं की पॅनेल प्रश्न विचारत जातं, आणि लोक घाईघाईने ‘पुढे, पुढे’ दाबत सुटतात. तिथेच थांबावं. विषाणू तपासणारं क्लॅमएव्ही एकटंच जवळजवळ एक जीबी मेमरी खातं; एक-दोन जीबीच्या स्वस्त यंत्रावर ते सुरू ठेवलं की मेमरी संपून डेटाबेसच आधी बंद पडण्याची भीती. चार खोल्यांच्या निवासाला पोस्टग्रेस आणि मारियाडीबी हे दोन्ही डेटाबेस कशाला हवेत? टपालाबद्दल तर माझं मत ठाम आहे: ते स्वतः चालवू नये. यंत्र भाड्याने देणारे अनेकजण टपालाचं २५ क्रमांकाचं पोर्ट बंदच ठेवतात. ते उघडून घेतलं तरी एसपीएफ, डीकेआयएम, उलट डीएनएस या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदींतलं काही राहिलं की बुकिंगची पावती पाहुण्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडते.

आता मध्यस्थीबद्दल. कोकणात मध्यस्थ म्हटला की खोत आठवतो. सरकार आणि कूळ यांच्यात तो बसला, सारा गोळा करू लागला आणि हळूहळू जमीन त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं नांगर खाली ठेवला, तो याच खोतीविरुद्ध. पॅनेलचाही असा खोत होऊ शकतो. या धंद्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव सीपॅनेल, १९९६ पासूनचं. ओकली कॅपिटल या गुंतवणूकदारांनी २०१७ मध्ये प्लेस्क हे दुसरं पॅनेल आणि २०१८ मध्ये सीपॅनेल घेतलं. पुढच्याच वर्षी सीपॅनेलचा आकार सर्व्हरमागे न राहता खात्यांच्या संख्येवर गेला. शेकडो छोटी खाती सांभाळणाऱ्यांचा सारा एकदम चढला, आणि सगळं बिऱ्हाड त्याच पॅनेलवर असताना उठून जाणं सोपं नव्हतं.

वेबमिन मला आवडतं ते इथे. ते स्वतःचं वेगळं दप्तर ठेवत नाही. ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या मूळ फाइली प्रत्येक वेळी वाचतं, हवी तेवढीच ओळ बदलतं, आणि तुम्ही हाताने लिहिलेली टीप जागच्या जागी राहू देतं. काही पॅनेलं साच्यातून अख्खी फाइल नव्याने छापतात आणि तुमची दुरुस्ती पुसून जाते. उद्या वेबमिन काढून टाकलं तरी संकेतस्थळ चालूच राहील, कारण अपाचीला मुळात त्याची गरज नाही.

म्हणून ते सोवळं आहे असं मात्र नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये वेबमिनमध्ये चोरदार सापडलं. पासवर्ड बदलण्याच्या पानातून, आत न शिरताच, कुणालाही सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होती. गिटहबवरचा मूळ कोड स्वच्छ होता. घुसखोराने गाठलं होतं ते त्या कोडचा उतरवून घ्यायचा गठ्ठा बांधणारं यंत्र, आणि तेही २०१८ मध्येच. १.८९० आवृत्तीत तर हे दार काही न करता उघडं होतं. उघडा कोड हजारो डोळे वाचतात, हे खरं. पण लोक उतरवून घेत होते तो गठ्ठा आणि तो कोड एकच आहेत का, हे वर्षभर कुणी ताडून पाहिलं नाही. १.९३० मध्ये ते दार बुजवलं गेलं.

त्यामुळे १०००० पोर्ट जगासाठी उघडं ठेवू नये. फायरवॉलमध्ये ठराविक पत्त्यांनाच वाट द्यावी, नाहीतर एसएसएचच्या बोगद्यातून जावं; दुहेरी पडताळणी सुरू करावी. बॅकअपचं वेळापत्रक पॅनेलमध्येच लावता येतं, पण गठ्ठा त्याच यंत्रावर ठेवला तर यंत्राबरोबर तोही जातो. तो दुसऱ्या शहरातल्या साठ्यावर पाठवावा आणि एकदा तरी रिकाम्या सर्व्हरवर उतरवून, खोल्यांची यादी आणि जुनी बुकिंगं दिसतात का ते पाहावं. हा उद्योग मे महिन्याच्या सुट्टीत करायचा नाही. जुलै बरा, पाऊस कोसळत असतो, प्रदक्षिणेचा कातळ निसरडा असतो आणि खोल्या रिकाम्या असतात.