डासाचे घर किती दूर?

विद्यार्थ्यांनो, रात्री कानाशी गुणगुणणारा डास तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. घरी तुम्ही त्याला मच्छर म्हणता. पण तो येतो कोठून? भिंगारमधील एखादा मुलगा नाल्याकडे बोट दाखवील, दुसरा किल्ल्याच्या खंदकाकडे. ही उत्तरे निम्मीच खरी आहेत.

डासांच्या जाती अनेक आणि प्रत्येक जातीची उडण्याची ताकद वेगळी. गटाराच्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. तो एक-दोन किलोमीटर सहज जातो. त्यामुळे नाल्यावर जन्मलेला क्युलेक्स दूरच्या गल्लीतही पोहोचू शकतो. हिवताप पसरवणारा अ‍ॅनाफिलीसही साधारण तेवढाच उडतो, पण त्याला स्वच्छ पाणी आवडते. शहरातील अ‍ॅनाफिलीस तर विहिरीत आणि गच्चीवरील टाकीत राहतो. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांनी हिवतापाची पाहणी केली, तेव्हा घराघरांतल्या उघड्या विहिरी झाकण्याचा किंवा बुजवण्याचा सल्ला त्यांना द्यावा लागला.

आता डेंग्यूचा डास पाहा. त्याचे नाव एडिस. त्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. हा मोठा घरकोंबडा! बहुतेक एडिस आपल्या जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतात. म्हणजे तो तुम्हांला घरी चावला, तर तो बहुधा तुमच्याच किंवा शेजाऱ्याच्या रांजणात, कुंडीत नाहीतर टायरमध्ये जन्मला आहे. नाल्याला दोष देऊन उपयोग नाही.

काही डास मात्र फार दूर जातात. आफ्रिकेतील माली देशात शास्त्रज्ञांनी फुग्यांना जाळी बांधून उंच हवेत सोडली, तेव्हा जमिनीपासून शंभर मीटरहून अधिक उंचीवरही अ‍ॅनाफिलीस सापडले. वारा त्यांना एका रात्रीत शेकडो किलोमीटर नेऊ शकतो, असा अंदाज त्यांनी २०१९ मध्ये मांडला.

डास जगतो तरी किती? नर जेमतेम आठवडाभर. मादी दोन ते चार आठवडे, आणि चावते ती फक्त मादी. हिवतापाचे जंतू मादीच्या पोटात तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. त्याआधीच ती मेली, तर तिच्याकडून रोग पसरत नाही. आपल्या भागातील उन्हाळ्याची कोरडी हवा डासांना सोसत नाही. म्हणून ते मोरीत, खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे ओलसर अंधार शोधतात.

एडिसची अंडी मात्र चिवट असतात. पाणी आटले तरी ती भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. म्हणूनच दुष्काळी गावांतही हा डास असतो, कारण तेथे लोक पाणी साठवतात. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची साथ आली होती. तो रोगही एडिसच पसरवतो.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा पाळायला सांगतात तो याच हिशोबाने. मात्र त्या दिवशी रांजण नुसता उपडा करू नका, आतून घासा, नाहीतर अंडी तशीच राहतील. मशिदीतील वजूचा मोठा हौद असा रिकामा करणे सोपे नसते. तेथे गप्पी मासे सोडतात, ते अळ्या खातात.