नकाशावरचा ठिपका म्हणजे मत नव्हे

रस्ते, थांबे, पूल यांची आखणी करताना लोकांना इंटरनेटवरून विचारायचं आणि सूचना नकाशावर टिपायच्या, ही पद्धत जगात रुळली आहे. अमरावती-अकोल्यात ती वापरायची, तर आधी काही समजुती तपासायला हव्यात.

गैरसमज : आखणीतलं सामान्य माणसाला काय कळतं?

वस्तुस्थिती : डांबर कसं अंथरायचं हे अभियंत्यालाच कळतं. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटर एकपदरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज विक्रमात नोंदला गेला. पण कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडे कुठून वळतात, शाळेच्या पोरी एसटीसाठी कोणत्या फाट्यावर उभ्या राहतात, हे रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. न्यूयॉर्कने सार्वजनिक सायकलींची ठाणी कुठे हवीत हे नागरिकांना विचारलं, तेव्हा 10,000 च्या वर सूचना आल्या. मात्र ‘काय हवं?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं. ‘रस्ता कुठे ओलांडता?’ असं विचारलं, तर नेमकी जागा कळते.

गैरसमज : ज्याला लाइक जास्त, तोच लोकांचा निर्णय.

वस्तुस्थिती : अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत 2009-10 मध्ये बसथांब्याच्या रचनेसाठी ऑनलाइन स्पर्धा झाली. तिच्या मतदानात बनावट खाती उघडून मतं फुगवण्याचे प्रकार घडले. आपल्याकडे अकोला-खंडवा रेल्वेचा वाद पाहा. जुनी मीटरगेज वाट मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जायची. ब्रॉडगेज तिथूनच न्यावी, की जंगलाला वळसा घालून बुलडाण्याच्या जळगाव जामोद, संग्रामपूरकडून, असा प्रश्न होता. असं कोडं लाइक मोजून सुटत नाही, कारण वाघाला खातं उघडता येत नाही. कोणत्या गावाला गाडी मिळेल आणि कोणतं गाव तुटेल, हे मात्र गावकरीच नीट सांगू शकतात.

गैरसमज : ठिपके दाट, तिथेच अडचण मोठी.

वस्तुस्थिती : बोस्टनमध्ये 2012 च्या सुमारास ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं ॲप आलं. गाडीला बसलेला धक्का त्यात मोबाइल आपोआप टिपायचा. पण गरीब आणि वयस्कांच्या वस्त्यांत स्मार्टफोनच कमी, म्हणजे तिथले खड्डे नोंदीतून निसटण्याची भीती. हाच प्रयोग इथे केला तर अमरावतीचा राजकमल चौक ठिपक्यांनी भरेल आणि धारणी-चिखलदऱ्यातली रेंज नसलेली गावं कोरी राहतील. तिथे आठवडी बाजारात बसून, कोरकू बोलणारा माणूस सोबत घेऊन विचारावं लागेल.

गैरसमज : ॲपवर खड्ड्याचा फोटो टाकला, म्हणजे नियोजनात सहभाग झाला.

वस्तुस्थिती : ती देखभालीची तक्रार झाली. राष्ट्रीय महामार्गांसाठी 1033 हा क्रमांक आणि ‘राजमार्गयात्रा’ ॲप त्यासाठी आहेत. आखणीवर बोलायचं तर दुसरं दार ठोठावावं लागतं. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, की 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 26 नुसार हरकती-सूचना मागवल्या जातात. राष्ट्रीय महामार्गात जमीन जाणार असेल, तर 1956 च्या कायद्याप्रमाणे हितसंबंधितांना अधिसूचनेपासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते. व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीही चर्चा झाली तरी ही मुदत थांबत नाही.

गैरसमज : सूचना मागवल्या, की प्रशासनाचं काम संपलं.

वस्तुस्थिती : खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, हे जाहीर झालं नाही, तर पुढच्या वेळी कुणी लिहिणार नाही. आणि हे विचारणं निविदा निघण्याआधी व्हायला हवं; नंतर विचारून उरतो फक्त उपचार. नागरिकानेही ‘वाहतूक सुधारा’ एवढंच लिहून भागत नाही. नेमकी जागा, वेळ, त्रास कुणाला होतो आणि उपाय काय, एवढं लिहावं; ऑनलाइन पाठवावं आणि मुदत चालू असेल तर तोच मजकूर कार्यालयात देऊन पोच घ्यावी.